सेकंदाचा चौकोन

अकरावीत होते, तेव्हा शनिवारी दुपारी
निमाणी ते नाशिकरोड, आप्पांच्या बसमध्ये,
केबिनमागच्या दांडीला
दोऱ्याने एक नट टांगायचे मी
आणि त्यामागे धरायचे
कंपासपेटीतला कोनमापक.
घुगेकाका तिकिटं फाडता फाडता विचारायचे,
"दृष्ट काढतेस का गं बसची?"

बस उभी, तर दोरा ओळंब्यासारखा.
रविवार कारंजावरून सुटली
की नट मागे रेलायचा,
जायचं मनात नसलेल्या पाहुण्यासारखा.
वेग एकदा ठरला की पुन्हा सरळ,
मग बस चाळिसाने पळो नाहीतर पन्नासाने.
वेग त्याला कळतच नव्हता.
कळायचं ते फक्त वेगाचं बदलणं.

द्वारका सोडल्यावर त्या दिवशी रस्ता मोकळा.
शून्यावरून ताशी चाळीस, घड्याळात आठ सेकंद.
म्हणजे दर सेकंदाला ताशी पाच किलोमीटरची भर.
मीटरमध्ये आणलं: एक पूर्णांक एकोणचाळीस शतांश.
दोरा म्हणत होता, आठ अंश.
आठ अंशांचा टॅन गुणिले नऊ पूर्णांक आठ,
एक पूर्णांक अडतीस.
दोन वाटांनी गेले आणि फक्त एका शतांशाने चुकामूक!
मी अशी ओरडले
की बोधलेनगरला बाई उतरायच्या आतच
घुगेकाकांनी डबल बेल मारली.

रात्री आप्पांनी वही चाळली.
मीटर प्रति सेकंद वर्ग, यावर बोट ठेवलं.
"सेकंदाचा चौकोन? कुठं पाहिलास?"
चौकोन नाही हो, सेकंद दोनदा आहे,
एक वेगातला, एक वेग वाढण्यातला.
पटेना.
मग मी त्यांची पगाराची स्लिप काढली.
यंदा वाढ किती?
"साडेतीनशे."
साडेतीनशे काय?
"काय म्हणजे? रुपये."
नुसते रुपये नाहीत, आप्पा.
रुपये, दर महिन्याला, दर वर्षाला.

बराच वेळ स्लिप उजेडात धरून बसले.
"म्हणजे महिना एकदा नि वर्ष एकदा."
हो. तुमच्याकडे काळ दोन जातींचा, म्हणून वेगळा दिसतो.
इथं दोन्ही सेकंदच,
म्हणून एकाच्याच डोक्यावर दोन लिहितात.
"आणि करार रखडला तर?"
तर त्वरण शून्य. पगार चालू.
"हां," म्हणाले, "पेडल तसंच धरून दत्तमंदिरपर्यंत,"
आणि ताटातला भात कालवायला घेतला.

त्यानंतर मी दोऱ्यापेक्षा त्यांच्याकडेच बघत राहिले.
त्यांनी सगळी नोकरी हाच आकडा लहान ठेवण्यात घालवली होती.
शालिमारला चढलेली अवघडलेली बाई,
झाकण सैल असलेली दुधाची किटली,
दांडी सोडून चष्मा पुसणारा कुणी मास्तर.
आरशात ते माना बघायचे.
"मान हलली की चूक माझी."
दशांशाची गरजच नव्हती त्यांना.

उपनगरच्या अलीकडे
दोन रिक्षांच्या मधून सायकलवरचा एक पोरगा आला.
सगळ्या माना एकदम पुढे.
नट झेपावला, जाळीवर आपटला, दोरा तुटला.
सायकल आणि बंपर यांच्यामध्ये
हातभर ऊन उरलं होतं.
पोरगा शिवी देऊन निघूनही गेला.
आप्पांचा पाय पेडलवरून उठेना.
मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.
कितीतरी वेळाने मान न वळवता म्हणाले,
"लिही. वजा किती?"

कोन दिसला नाही, म्हणाले मी.
दिसला होता.

नट घुगेकाकांनी सीटखालून शोधून दिला.
वही अजून आहे. त्या तारखेपुढे
वजाची एक आडवी रेघ,
मग कोरी जागा,
मग एकक, नीट, पूर्ण लिहिलेलं.