धामण

धामण म्हटलं की माणसं आधी पाय वर घेतात.
साप नव्हे हो. झाड.
वेसवीच्या मागच्या डोंगरात, कातळ संपतो तिथं उभं असतं,
आणि हिरू हिलम त्याला हात लावण्याआधी
विडी विझवतो.

बाणकोटची खाडी आमच्या दारात,
पण बाण मी पाहिला चाळिशी उलटल्यावर.
तोवर पाहिल्या त्या फळ्या:
बाबांच्या मांडवात विस्तवावर शेकलेल्या,
पाणी मारून मारून वाकवलेल्या.
होडीची फळी एकदा वाकली की तिनं वाकलेलंच राहायचं.
सरळ व्हायला बघितली तर सांधा उघडतो,
सांधा उघडला की पाणी,
आणि पाण्याला कुणाची ओळख लागत नाही.

आता मांडवात होडी नाही.
फायबरच्या होड्यांना रांधा लागत नाही.
डांबराचे डाग तेवढे जमिनीवर राहिलेत,
त्यांच्यावर बसून मी धनुष्य करते.

थंडीत तोडलेली फांदी,
करवतीनं नाही, पाचरीनं फोडलेली
(करवत आपल्या मनानं जाते, पाचर लाकडाच्या).
दोन महिने चुलीवरच्या माळ्यावर, सुक्या बांगड्यांशेजारी.
तो वास अजून गेलेला नाही.
हत्यारं म्हणाल तर कोयती, कानस,
फुटक्या बाटलीची काच.
साल सोलली की पाठीला हात लावायचा नाही,
तो पदर टोकापासून टोकापर्यंत अखंड हवा.
काय काढायचं ते पोटातून.

पहिलं सातव्या ओढीला मोडलं.
असं कडाडलं की जेटीवर तिकिटं फाडणारा साजिद
फेरीबोट सोडून आमच्याकडे बघायला लागला.
मी कोयती भिरकावली, पार माडाच्या आळ्यात.
हिरूनं ती शोधून आणली, पुसली,
दोन्ही तुकडे जुळवून बघितले.
"बाय, त्यानं तीनदा सांगितलं व्हतं.
तू बोलत व्हतीस."

दुसऱ्याला मी गप्प बसले.
खुंटीला अडकवायचं, दोरी वीतभर ओढायची,
मागून मोबाइलची बॅटरी,
आणि धनुष्याकडे नाही, भिंतीवरच्या सावलीकडे बघायचं.
डावी बाजू शहाणी, लगेच वाकते.
उजवी अडून बसलेली.
जिथं वाकतंय तिथं काच लावायची नाही.
जिथं वाकत नाही तिथंच, तेही चिमूटभर,
मग पुन्हा ओढून त्याला कळू द्यायचं.
पंधरा दिवस हेच.
मांडीवर भुसा, नखांत भुसा, भाकरीत भुसा.
तरी उजव्या सावलीत कुठंतरी एक अडणं,
मला दिसेना, हिरूलाही दिसेना.

बाबा उठून आले. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला,
सावलीशी त्यांचं काही देणंघेणं नाही.
मांडवात धनुष्य! असं पुटपुटत
अंगठा टोकापासून फिरवत आणला,
मुठीच्या चार बोटं वर थांबले.
"इथं जाड आहे."
"किती?"
"केसभर."
हिरूनं विडी विझवली.

मी तीनदा काच फिरवली.

ओहोटीला चिखलात उभी राहिले,
वाखाची दोरी, चिव्याचा बाण.
तो कुठं लागायचा होता ते मी ठरवलंच नव्हतं.
एका बगळ्यानं दोन पावलं बाजूला घेतली
आणि पुन्हा आपलं काम सुरू केलं.
गुडघाभर गाळातून बाण आणला,
एक चप्पल तिथंच राहिली.

संध्याकाळी धनुष्य भिंतीला टेकवलं
तशी हिरू म्हणाला, "आधी दोरी उतरव.
रातभर ताणून ठेवलंस
तर त्याला वाकायची सवय लागंल."

आतून, खाटेवरून बाबा:
"लागू दे की सवय."

मी दोरी उतरवली.
लाकूड जरा कुरकुरलं, माझ्या मांडीवर,
आणि जवळजवळ सरळ झालं.