बॅग

फ्रीटाऊनच्या धक्क्यावर डॉक्टर इथेलरेड कोकर
कोलाची बी नखानं उकलून भाव सांगत,
तेव्हा त्यांची बॅग माझ्याच हातात असे.
आधी तिला कार्बोलिकचा वास होता.
मग पावत्या आल्या, गोण्यांचे नमुने,
आणि एके दिवशी गव्हर्नरसाहेबांचा जाड लिफाफा:
कौन्सिलात एक खुर्ची, आमच्या लोकांसाठी,
शेवटच्या रांगेत.

लोक म्हणाले, नाडी सोडून नाणं धरलं.
ते म्हणाले, जोसाया, सरकारी इस्पितळात
मला जागा नव्हती. वखारीत होती.

ऑगस्टात एका रात्री किसीहून मासळीवाली आली,
पाठीशी बांधलेलं पोर तापानं फणफणलेलं.
बॅग उपडी केली.
स्टेथोस्कोपची नळी केव्हाच चिरलेली.
त्यांनी कोट काढला, गुडघे टेकले,
पोराच्या छातीला कान लावला
आणि बराच वेळ उचललाच नाही.

पोर पहाटे गेलं.

सोमवारी कौन्सिलात ते गटारांवर बोलले, विहिरींवर,
पाऊण तास. आवाज एकदाही चढला नाही.
इतिवृत्तात एकच ओळ:
माननीय सभासदांचेही भाषण झाले.

मी दाराशी, बॅग घेऊन.
टेबलाच्या कडेवर त्यांची तीन बोटं
लाकडाची नाडी बघत होती.