पाचवं रीळ

बोबो-दिउलासोत थेटरं दोन आणि सिनेमाची प्रत एक.
वरच्या थेटरात आठला सुरू, स्टेशनाजवळच्यात पावणेनऊला,
मधल्या दोन मैलांत मी.
मोपेडच्या मागे पत्र्याचा डबा, डब्यात अजून कोमट असलेलं रीळ.
वय सोळा. पगार जेवणापुरता. सिनेमा फुकट,
पण तुकड्यातुकड्यानं.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका यायचा,
सदऱ्याच्या बटणाएवढा,
पापणी लवेस्तोवर नाहीसा.
लोकांना तो दिसत नसे.
मला आजही आधी तोच दिसतो, मग नटीचा चेहरा.
ठिपका म्हणजे रीळ संपत आलं.
ठिपका म्हणजे द्रामान, ऊठ, किक मार.

तर जगातले थोर थोर सिनेमे मी असे पाहिलेत:
कुणी दार उघडतं, आणि आत कोण आहे हे कळायच्या आत
मी आंब्यांखालच्या रस्त्यावर.
कुणी पत्र फोडतं,
आणि माझ्या दातांत हरमाटनची लाल धूळ.
खाली पोचलो की लासिना डबा हिसकून घ्यायचा,
फडक्यानं पुसायचा, जसं काही रीळ नाही, तान्हं मूल आहे,
आणि मला म्हणायचा, तोंड धू, भूत दिसतोस.
मी शेवट पाहिले, सुरुवाती पाहिल्या.
मधलं सगळं मोपेडवर रचलं,
आणि खरं सांगतो, काही ठिकाणी
माझं मधलं जास्त बरं होतं.

एकदा चौथ्या रिळाच्या शेवटी
एक बाई पुलाच्या कठड्यावर चढली.
वारा. तिचा कोट. खाली काळं पाणी.
वरच्या थेटराला छप्पर नव्हतं, एक वटवाघूळ
झोतातून गेलं ते नेमकं तिच्या तोंडावरून.
ठिपका.
त्या रात्री टायर फुटला.
पाचवं रीळ मी ढकलत नेलं, तोवर खालच्या लोकांनी
बाकं मोडली होती, लासिना पायरीवर बसून होता.
सकाळच्या गाडीनं सिनेमा आबिजानला गेला.

एकेचाळीस वर्षं मी त्या बाईचा दुखवटा धरला.
लग्न झालं, मुलं झाली, दोन्ही थेटरं बंद पडली,
एकात आता सिमेंटची पोती आहेत.
मग कुणाच्या तरी भाच्यानं चकतीवर तो सिनेमा आणला.
पाचवं रीळ.
बाई कठड्यावर वाकते, तारेत अडकलेली टोपी काढते,
उतरते,
आणि पाव घ्यायला जाते.

मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही.
बायको म्हणाली, अरे जगली ना ती, मग?
हो, जगली.
पण माझी जी मेली होती तिचं काय करू?

परवा शेजारच्या करिदियानं तिचा सिनेमा दाखवला.
अंगणातल्या भिंतीवर चादर, समोर चटया, जनरेटर कुरकुरतोय.
नऊ मिनिटांचा.
पैसे कुठून, तर तिच्या आईनं दोन शेळ्या विकल्या,
नावांच्या पाटीत शेळ्यांचेही आभार आहेत,
त्यावर सगळे हसले, आई सोडून.
सिनेमात तिची आत्या सुईत दोरा ओवते.
बस.
दोरा चुकतो. ती तो ओठांनी ओला करते. पुन्हा चुकतो.
बाहेर कुणी हाक मारतं, ती ओ देत नाही.
दिवा जवळ घेते. सुई लांब धरते.
आम्ही पन्नास माणसं श्वास धरून
एका म्हातारीच्या बोटांकडे बघत होतो,
आणि माझी नजर उजव्या कोपऱ्यात.
आता येईल. आता.
पाय आपोआप किक शोधत होता.

ठिपका आलाच नाही.
दोराही गेला नाही बहुतेक, मला नीट दिसलं नाही,
कारण तोवर चादर पांढरी झाली होती
आणि लोक चटया गुंडाळत होते.

करिदिया शेजारी येऊन बसली. कसा वाटला, आजोबा?
पोरी, म्हटलं, अख्खा होता.
ती थांबली, अजून काही म्हणेन म्हणून.
मी चपला शोधू लागलो.