समजा

फैजपूरच्या तंत्रनिकेतनात, एप्रिलच्या दुपारी,
खिडकीला ओला गोणपाट लावून
मी सात पोरांना लिस्प शिकवते.
आठवा यावलहून येतो, बस चुकली की येत नाही.

फळ्यावर लिहिलं:

(समजा ((दांडा २))
   (- घड दांडा))

म्हटलं, समजा हा शब्द आपल्याच वहीतला.
समजा क्ष बरोबर पाच, अशी गणितं सुरू व्हायची,
आणि तास संपल्यावर
क्षची चौकशी कुणी करायचं नाही.
इथे घड बावीस किलोचा, दांडा दोन.
वीस बाहेर येतात.

सुभान तडवीने हात वर केला.
त्याचा बाप सावद्याला केळीच्या काट्यावर
वजनं पुकारतो.
"मॅडम, मंग दांडा कुठी गेला?"

कुठेच नाही गेला, सुभान.
शेवटचा कंस मिटला तिथे त्याचं नाव मिटलं.
बाहेर येऊन दांडा म्हणून हाक मारलीस
तर यंत्र सांगेल, या नावाचं इथे कुणी राहत नाही.

तो हसला नाही.
"आमच्याकडं बांधावर ढीग ऱ्हातो दांड्यांचा.
आठ दिवस वास येतो."
खरं आहे, म्हटलं. यंत्राला बांध नसतो.

मग त्याने स्वतःचा प्रोग्राम चालवला.
पंचवीस घड, दांडे वजा, पडद्यावर ठसठशीत:
निव्वळ वजन पाचशे किलो.
पण तेच भावाने गुणायला घेतलं
आणि यंत्र अडून बसलं.
माझ्या हातात तर निल आहे,
निलला कशाने गुणू?

शेवटची ओळ बघ, म्हटलं.
तू उत्तर छापलंस. छापायची ओळ छापून मोकळी झाली
आणि परत देताना तिने दिलं निल.
दाखवणं वेगळं, देणं वेगळं.
फंक्शन शेवटच्या ओळीचं देतं,
वरच्या ओळींनी कितीही घाम गाळला असू दे.

"मंग आमचा बाप तसाच," सुभान म्हणाला,
"दिवसभर आकडे वरडतो,
घरी इचारलं किती झालं, तर नुसती मान हालवतो."
सगळे हसले. मीही हसले,
आणि लगेच वाटलं, हसायला नको होतं.

घंटेला वीस मिनिटं होती.
फळ्याचा खालचा कोपरा रिकामा होता.
ठरवलं नव्हतं, पण लिहिलं:

(समजा ((नाव "कोकिळा"))
   (समजा ((नाव "प्राजक्ता"))
      (हजेरी नाव))
   नाव)

आत हजेरीला कोण?
प्राजक्ता, सात जण एकदम.
आणि हे सगळं मिळून परत काय देतं?
थोडा वेळ पंख्याचाच आवाज.
मग दर्शना भारंबे, सावकाश: कोकिळा.

बरोबर. आतलं नाव बाहेरच्याला पुसत नाही,
झाकतं फक्त.
तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं असलं तरी.
हे शेवटचं मी मोठ्याने म्हटलं की मनात,
आता आठवत नाही.

दर्शनाने टेबलावरच्या हजेरीपटाकडे पाहिलं,
तिथली माझी सही, प्रा. प्राजक्ता फेगडे,
मग माझ्याकडे.
"मॅडम, आतला कंस कुठे बंद करायचा
हे कोण ठरवतं?"

लिहिणारा, मी म्हटलं.
आणि खडू खाली ठेवला, कारण उत्तर बरोबर होतं
आणि पुरेसं नव्हतं.
चिनावल इथून किती, तासाभराचाही रस्ता नाही.
तिथे विहिरीवरच्या बायका अजून कोके म्हणतात.

तोवर सुभानने छापायची ओळ खोडली होती.
खाली, शेवटच्या कंसाच्या अलीकडे,
एकच शब्द टाकला, बेरीज,
ना निव्वळ, ना किलो, ना ठसठशीत काही.

गोणपाट केव्हाच वाळला होता.
त्याने कळ दाबली.

पाचशे.

आणि या वेळी ते गुणता आले.