बिनटोकाचा गळ

खडकीच्या कारखान्यात लागलो, आणि पहिल्या पगारातून
कॅम्पात जाऊन छडी घेतली. हिरवी, दोन तुकड्यांची.
आईला सांगितलं, सायकलचा पंप आहे.

तेव्हा मुळशीच्या पाण्यावर जायचो
ते वसुलीला गेल्यासारखं.
पहाटेची पहिली एसटी, पिशवीत मळलेली कणीक,
हळद, हिंग, शेंगदाण्याची पेंड.
प्रमाण ज्याचं त्याचं, आणि विचारलं तर
जो तो खोटं सांगणार.
पोचलो की मांडीभर पाण्यात शिरायचं
आणि लांब फेकायचं, अजून लांब,
जणू महाशीर पलीकडच्या काठालाच राहतो.

जाल मेहेरजी मागे खडकावर बसून चहा पीत होते.
दोन तास काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "अरे गाढवा,
तू त्याच्या दिवाणखान्यात उभा आहेस
आणि दार शेजारच्याचं वाजवतोयस."

त्या दिवसापासून पहिली फेक कोरड्या बुटांनी.

मग वहीची वर्षं आली.
वारा, तिथी, धरणाचं पाणी किती उतरलं,
कुठल्या खडकामागे पाणी उलटं फिरतं.
गळाची जाडी मी मायक्रोमीटरने मोजायचो,
लेथवरचा हात, सवय जात नाही.
एकदा नऊ किलोचा लागला.
पाऊण तास त्याने मला काठाकाठाने हिंडवला,
ढोपरं फोडली, चप्पल नेली.
क्वार्टरमध्ये सात घरांत वाटला.
चवीला, खरं सांगायचं तर, बरा होता, इतकंच.
एक खवला मोरीच्या जाळीत अडकून राहिला,
रुपयापेक्षा मोठा,
आणि आठवडाभर तांब्यातलं पाणी ओतताना
तो तिथून माझ्याकडे बघायचा.

जालकाका गेले त्या वर्षी
मी ग्राइंडरवर गळाचा काटा घासून टाकला.
पुढच्या वर्षी टोकही.

आता मासा येतो, धरतो,
अंधारात कुणी बाही ओढावी तसा एक हिसका,
छडी मुठीपर्यंत थरथरते,
आणि मग दोरी पुन्हा नुसती दोरी.
एवढंच. दिवसाला एखादा, बहुतेकदा तोही नाही.
नवी पोरं मोटारसायकलवर येतात,
कानात गाणी, तिघांत पाच छड्या.
विचारतात, "काका, किती?"
मी म्हणतो, "यायचेत अजून."
मांडीभर पाण्यात शिरतात.
मी थर्मास उघडतो. दोन तास तरी
काही बोलायचं नाही असं ठरवतो
आणि वीस मिनिटांत बोलून जातो.
जालकाकांएवढा काही मी झालो नाही.

घरी सुमती पिशवीत डोकावते.
पौडला घेतलेली मेथी, रिकामा डबा.
माझा हात नाकाशी नेते, म्हणते,
"वाससुद्धा नाही. दिवसभर होतात कुठे?"

आणि लपवून काय करायचं,
तंबाखूच्या जुन्या डबीत, कापसात,
टोक असलेला एक गळ अजून आहे.
महिन्या-दोन महिन्यांनी काढतो,
अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघतो.

धरतो. अजून धरतो.