निळा थर

टोबायसने मांडीवर पुस्तक ठेवलं
आणि माझे गुडघे कुरकुरले: हे काय, तान्हं मूल आणलंस की काय?
सोनेरी अक्षरं, रेशमी खूणदोरी,
वर जाड पुठ्ठ्याची पेटी.
थडग्यांतून उठणाऱ्या आमच्या मढ्यांना
इतकी देखणी शवपेटी त्या वेळी कुठली!
त्या वेळी किंमत दहा सेंट.
पाणी लागलं की कागद फुगायचा,
रॉकेलचा आणि ओल्या लाकडाचा वास यायचा,
आणि गोष्ट संपेपर्यंत पोरांचे अंगठे काळे.

"आजी, हे सगळं तू काढलंस?"
काढलं नाही रे. भरलं.
ब्रिजपोर्टच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
लांब टेबलांशी चाळीस बायका,
निम्म्या आमच्या हंगेरियन आळीतल्या.
समोर चित्र, चित्रावर बारीक आकडे:
पिवळा इतके टक्के, लाल इतके, निळा इतके.
ब्रशात मात्र रंग एकच,
वाळल्या रक्तासारखा तांबूस.
पिवळ्याच्या पत्र्यावर तोच, लालाच्या पत्र्यावर तोच,
निळ्याच्याही.
खरे रंग खाली, यंत्रात जन्मायचे.
शेकड्यांनी हिरवी प्रेतं केली मी,
टेबलावर हिरवा कधी पाहिला नाही.

एवढं मात्र कळलं:
जिवंत माणूस म्हणजे पिवळा आणि थोडासा लाल.
मेलेला म्हणजे तेच सगळं,
वरून निळा.

मग पाद्रीबाबा व्यासपीठावरून गरजले,
या पुस्तकांनी पोरं वाया चालली आहेत.
मी तिसऱ्या बाकावर, हात जोडलेले,
नखं आत वळवलेली.
शाळेमागच्या मैदानात होळी झाली.
माझ्या मिक्लोशने आपली दोन पुस्तकं स्वतः टाकली
आणि घरी येऊन छाती फुगवून सांगितलं.
त्यातलं एक माझ्या हातचं होतं.
मी त्याला सूप वाढलं.
वर्ष-दीड वर्षात आमचं अर्धं टेबल रिकामं झालं.
उरलेल्या आम्ही बदकं भरू लागलो,
बदकं, ससे, टोपी घातलेली अस्वलं.
त्यांना निळा फार लागत नाही.

पान एकशे बारा.
पुरलेला नवरा जिना चढून वर येतोय,
दाराच्या फटीतून त्याचा हात,
हिरवा, सडका, आणि करंगळी
चक्क गुलाबी.
मी चष्मा पुसला.
माझीच.
इलोना शेजारी बसून सांगत होती,
सहलीत मुकादमाची पँट कशी फाटली
आणि त्याने कमरेला टेबलक्लॉथ कसा गुंडाळला,
आम्ही दोघी तोंडात पदर कोंबावा तसा
ॲप्रन कोंबून हसत होतो,
आणि निळ्याच्या पत्र्यावर
एक बोट भरायचं राहून गेलं.

शेवटी कुणा प्राध्यापकाचा लेख आहे.
म्हणतो, ही करंगळी म्हणजे
मृत्यूच्या राखेतला प्रेमाचा निखारा,
अनाम रंगकर्त्याची धाडसी प्रतिभा.
टोबायस मोठ्याने वाचत होता.
मला ठसका लागला, नर्स धावत आली.
त्या माणसाला पत्र लिहावं असं दोन दिवस वाटलं.
मग म्हटलं, राहू दे.
इलोनाला मातीत जाऊन एकवीस वर्षं झाली.
मुकादमाचं नावही आता आठवत नाही,
टेबलक्लॉथ आठवतो, लाल चौकड्यांचा.

कागद पांढराशुभ्र आहे. दोनशे वर्षं पिवळा पडणार नाही,
असं मागे छापलंय.
म्हणजे ही मढी आता सडायचीही थांबली.

रात्री दिवा घालवण्याआधी
बोट जिभेला लावून मी पुन्हा तेच पान उलटलं,
जुनी सवय.
मग दिव्याखाली अंगठा धरून पाहिला.
काहीच लागलं नव्हतं.