वर

नायगावची रात्रशाळा. ट्यूबलाइट फडफडते.
डस्टर टेबलावर ठेवून मी म्हणते: ऑन. टेकलेलं.
मग हातभर उचलून धरते: अबव्ह. सुटलेलं.
मराठीत दोन्ही नुसतं वर,
म्हणून घोळ होतो तुमचा.

मागच्या बाकावरचा घाडी
लोअर परळला टॉवरच्या काचा पुसतो.
म्हणतो, बाई, वाऱ्यात झुला हलतो,
पाय काचेला लागतात, सुटतात, परत लागतात.
तेव्हा मी कशात?

मी खडू शोधते.

तो वहीतच बघत,
आमचा बाबल बत्तिसाव्या मजल्यावरून खाली आला
आणि गावाला फोन मीच केला,
वर गेला म्हणून.
ते इंग्रजीत कसं लिहायचं?

डस्टर अजून माझ्या हातात,
टेबलापासून वीतभर.